डायलसाठी उथळ प्लेट

रहीमभाईंनी घड्याळाची डायल माझ्या टेबलावर ठेवली. सहा, आठ आणि नऊची पोटं शाईनं भरली होती. लांबून तिन्ही आकडे सारखेच दिसत.

"भाऊ, हे घड्याळ हाये का थट्टा?"

साठ सालच्या आसपास मी अमरावतीत एका ब्लॉकमेकरकडे होतो. छापखान्यांसाठी जस्ताचे ब्लॉक करायचो. रहीमभाई अकोल्याच्या जुन्या शहरात जुन्या डायली नव्या करून देत. डायल खरवडायची, पांढरा रंग द्यायचा, मग आकडे छापायचे. त्यासाठी प्लेटवर आकडे कोरलेले लागतात. त्यांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, जिलेटिनचा मऊ पॅड दाबून आतली उचलायची आणि डायलवर टेकवायची. ही प्लेट आम्हीच दिली होती.

डायल हिवरखेडच्या गवई मास्तरांच्या वडिलांच्या घड्याळाची. वडील गेले. नातू रविवारी स्वतःच्या लग्नात तेच घड्याळ बांधणार होता.

"पुसून पुन्हा छापता येईल?" मी विचारलं.

"एक डाव. दुसऱ्यांदा टर्पेंटाइन लावलं का रंगच उठते. नवा रंग वाळेपर्यंत लगन होऊन जाते. मास्तरले काय सांगू, कोरं घड्याळ बांधा म्हनू?"

"आधी काचेवर छापून नाही पाहिलं?"

"तुमचे मालकच बोलले, प्लेट फर्स्ट क्लास हाये!"

मालक आले. भिंगातून प्लेट पाहिली. "खोली कमी पडली. अजून ॲसिड द्या."

आमच्या धंद्यात ते बरोबरच होतं. ब्लॉकमध्ये अक्षर वर असतं, भोवतालचं जस्त ॲसिडनं खायचं. खोल खाल्लं नाही तर कागदावर डाग पडतात. गिऱ्हाईक नख घालून खोली बघायचं.

"मालक, इथं आकडाच खड्डा आहे. खोल केला तर शाई जास्त बसेल."

"उथळ माल दिला म्हणून नाव जाईल आपलं."

"नावाचं मंग पाहा, मालक," रहीमभाई म्हणाले. "आंदी आठाचं पाहा."

मालक हसले नाहीत, पण खुर्चीत बसले. मी ती परवानगी समजलो.

नवी प्लेट ॲसिडमधून लवकर काढली. नख अडकत नव्हतं. काचेवर ठसा घेतला. पोटं मोकळी, पण आकडे फिकट. रहीमभाईंनी शाई घट्ट केली. पुढचा ठसा काळाभोर आला. मग त्यांनी खरी डायल पुसली, पॅड टेकवला आणि उचलला. आठाची दोन्ही पोटं पांढरी होती.

"आता जमलं," म्हणून ते लगेच बडनेऱ्याच्या गाडीला निघाले.

धंद्यातला नियम पाळावाच. पण तो कोणत्या कामासाठी केला होता, हेही ठाऊक असावं.

पुढल्या आठवड्यात मास्तर स्वतः येऊन भेटले. लग्न बरंच उशिरा लागलं, म्हणाले. किती उशिरा, ते नवरदेवाच्या मनगटावर सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं.