तेल लावलेलं डोकं

औशाच्या बसस्थानकावर मी पंचवीस वर्षं कंट्रोलर होतो. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, हे माईकवरून सांगणं माझं काम. आवाज असा, की बाकावर झोपलेला प्रवासी ताडकन उठायचा. मग आजार आला. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज. आता फक्त डोळे हलतात, तेही माझ्या मर्जीनं थोडे आणि स्वतःच्या मर्जीनं जास्त. डोकं मात्र पूर्वीइतकंच चालतं, आणि तापतंही तितकंच.

आवाज गेल्यावर माझं बोलणं घरातले बोलू लागले. त्यात थोरला भाऊ सगळ्यांच्या पुढं. मी उकाड्यानं हैराण असताना "थंडी वाजून राहिली त्याला" म्हणून अंगावर चादर घालायचा. माया होती, पण मला भयंकर राग यायचा.

पुढं घास घशात अडकू लागला. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात नळी बसवली तर तिच्यातून अन्न देता येईल, नाहीतर फार दिवस निघणार नाहीत. काय ते लवकर ठरवा. भाऊ म्हणाला, "लई सोसलं त्यानं. आता न्हाईच म्हणल तो."

मी जीव खाऊन डोळा मिटला. बायको ओरडली, "नळीला हाव म्हणून राहिले!"

"डोळा उगंच बी लवतो," भाऊ म्हणाला.

मला जगायचं होतं आणि तेवढं सांगायची सोय नव्हती.

डॉक्टरांनीच नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा पत्ता दिला. तिथल्या मॅडमनी एक टोपी तयार केली होती. समोरच्या पडद्यावर अक्षरं आळीपाळीनं चमकतात. आपल्याला हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत जी हालचाल होते, ती टोपी टिपते आणि ते अक्षर पडद्यावर उमटतं. बायकोनं हट्टच धरला. "यांचं यांना सांगू द्या, मग काय ते ठरवा." भाऊ कुरकुरत गाडीत बसला.

मॅडमनी फोनवर बजावलं होतं, डोकं स्वच्छ हवं. आमच्याकडं तेल लावलेलं डोकं म्हणजेच स्वच्छ डोकं. त्यातून परगावी, शिकलेल्या लोकांत जायचं. बायकोनं ओंजळभर खोबरेल टाळूवर जिरवलं, भांग पाडला, आणि मी नवरदेवासारखा चमकत प्रयोगशाळेत गेलो.

टोपी चढवली. मी असेल नसेल तो सगळा जोर लावला. पडद्यावर उमटलं, ढझठभ. पुन्हा केलं, पुन्हा तसलंच काहीतरी. भाऊ हळूच म्हणाला, "डोकंच चालंना गेलंय त्याचं. चला घरी." इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

टोपी काढता काढता मॅडम थबकल्या. बोटं एकमेकांवर चोळत त्यांनी विचारलं, "तेल लावलंय का यांना?"

"मग? गावाला न्यायचं अन् कोरडं डोकं न्यावं व्हय?" बायको म्हणाली.

त्या थराखालून टोपीला काही कळतच नव्हतं. बायकोनं पदर खोचला, कुठूनशी बादली आणली, आणि कॉलेजच्या व्हरांड्यात खुर्चीतच माझं डोकं दोनदा खसाखसा धुतलं. मान भावानं धरली होती.

मी शब्द आधीच ठरवून ठेवले होते. माईकवर काम केलेला माणूस फापटपसारा करत नाही. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, परत निवडलं. पाऊण तासानं पडद्यावर दोन शब्द होते: घाला नळी.

भावानं ते मोठ्यानं वाचलं. माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मी तर तुला मारायलाच निघालो होतो रे." मला त्याचा राग आला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच आला नाही.

नळी बसली. मॅडमचं एक यंत्र सध्या आमच्या घरी असतं. बायको सकाळी माझं डोकं धुते आणि लिहून झालं की रागारागानं तेल चोळते. हा मजकूर मी तसाच, एकेक अक्षर निवडत, कित्येक महिने लिहितोय. काल भाऊ आला. पडद्यावरचे चार शब्द पाहून म्हणाला, "दमला असशील. बंद करू का?"

मी लिहिलं, "थांब."

तो स्टूल ओढून बसला.