काटाबाईची सायकल

तिच्या पायाला भिंगरी होती असं म्हणणं हा भिंगरीवर अन्याय आहे. भिंगरी निदान कधीतरी थांबते.

बाजारात तिला काटाबाई म्हणत. वजनमापे खात्यात ती तपासनीस होती, सव्वीस वर्षं. सकाळी लाकडी पेटी घेऊन निघायचं, पेटी साडेसहा किलोची. पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी प्रमाण वजनं. ती दुकानादुकानातल्या काट्यांवर ठेवून बघायची. काटा खरा निघाला तर शिक्का. खोटा निघाला तर काट्याला सील, दाराला लाल चिठ्ठी आणि दुरुस्ती होईपर्यंत दुकान बंद. आरडाओरडा कोणी कितीही करो, तिचं उत्तर एकच असे: "मी नाही बोलत, काटा बोलतो."

शाळेत असताना बाई तिला खिडकीशी उभं करत, कारण बसवलं की अख्खा बाक हले. कॉलेजात तिने भौतिकशास्त्र घेतलं ते प्रयोगशाळेत उभं राहता येतं म्हणून. लग्नाला होकार तिने जिन्यातच देऊन टाकला, वर जाऊन गप्पा मारत कोण बसणार! नवरा मिळाला तो चित्रकलेचा मास्तर, आणि इतका स्वस्थ की चित्रासाठी समोर मांडलेलं सफरचंद आधी हललं असतं. दोघांचं छान जमलं. एकाने घर सांभाळलं, एकीने गाव पालथं घातलं.

आणि मग कचेरीची जीप मोडीत निघाली.

"नवी गाडी येणार नाही," साहेबांनी सगळ्यांना उभ्या उभ्या सांगितलं. "एक तारखेपर्यंत ज्यांची स्वतःच्या वाहनाची सोय होईल ते फिरतीवर. बाकीच्यांनी नोंदवह्या बघायच्या. तुमच्यासाठी बाई, खिडकीजवळचं टेबल ठेवलंय. चांगला वारा येतो."

तिच्या निवृत्तीला सहा वर्षं होती. सहा वर्षं टेबलाशी! डावा डोळा अधू झाल्यापासून स्कूटरचा परवाना मिळत नव्हता. बस बाजाराच्या तोंडाशी सोडून मोकळी होते, पुढच्या चाळीस दुकानांचं काय? राहता राहिली सायकल. सायकल तिने कॉलेज सुटल्यापासून चालवली नव्हती, पण ते कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नाही. हातात सतरा दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी ती दुकानात हजर. दुकानदाराने एकवीस गिअरची सायकल पुढे केली. "हलकी आहे मॅडम, चौदा किलो फक्त."

काटाबाईने पिशवीतून ताणकाटा काढला, छताच्या आकड्याला अडकवला आणि सायकल उचलून त्याला टांगली. सोळा किलो दोनशे.

"चौदा कुठे गेले?"

"मॅडम, आम्ही सायकल किलोवर विकत नाही हो!"

पाच दुकानं झाली, पाचही ठिकाणी हेच. एका दुकानदाराने तर तिला लांबून येताना पाहिलं आणि आधी आपल्या टेबलावरचा पत्र तोलायचा काटा लपवला. खरं सांगायचं तर तिचा हात दर वेळी साध्या, बिनगिअरच्या सायकलीकडे जाई. काळी, सरळ दांड्याची, मागे कॅरिअर. पण मध्ये पूल होता ना! कचेरी आणि बाजार यांच्यामध्ये रेल्वेच्या रुळांवरचा पूल. एका पहाटे ती पाणसळ आणि फूटपट्टी घेऊन त्या पुलावर गेली, दर पन्नास पावलांना ओणवी झाली आणि चढ मोजून आली. मीटरमागे सहा सेंटिमीटर. मग आपलं वजन, पेटीचं वजन, सायकलचं वजन, सगळं गणितात घातलं. गणित म्हणालं, एका गिअरवर हा चढ तुझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही.

आठवा दिवस उजाडला तरी सायकल नव्हती. रात्री ती पलंगावर कूस बदलत राही, तेव्हा नवरा म्हणे, "अगं, तू आत्ताच पूल चढतेयस का?"

सासूबाई ऐंशी पार केलेल्या, पण जीभ अजून विशीतली. "माझ्या मुलाला जिन्यात पसंत केलंस, आणि सायकलीला आठ दिवस?"

"आई, त्यांना चढावर न्यायचं नव्हतं."

शेवटी धाकटे दीर आले. त्यांना गिअरांचं वेडच होतं. आपली झगझगीत निळी सायकल त्यांनी अंगणात उभी केली. "वहिनी, एक दिवस वापरून बघा. चढाला हा, उताराला तो, वाऱ्याला हा. एकदा सवय लागली की हात आपोआप चालतो."

हात आपोआपच चालला, तेच तर झालं! या बाईच्या बोटाखाली फिरवायला एकवीस जागा देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. दिवा लाल, फिरव. दिवा हिरवा, फिरव. सपाट रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तरी फिरव. पूल मात्र ती खरोखर चढली, धापा टाकत पण बसून चढली, आणि वर पोचल्यावर त्या आनंदात पुन्हा फिरवलं. कडकड असा आवाज झाला आणि चेन उतरली. उघडी, वंगणाने माखलेली चेन. पुलाच्या कठड्याशी बसून तिने ती बोटांनी चढवली तेव्हा दहा वाजले होते आणि तोपर्यंत तिची तीन दुकानं व्हायला हवी होती. हात पुसायला काही हवं होतं. रुमाल घरी राहिलेला. तिने पेटी उघडली आणि हाताला आलं त्या फडक्याला हात पुसले.

पहिलं दुकान सोनाराचं. साठीचा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. काट्याला त्याने काचेची पेटी केली होती, वारासुद्धा लागू नये म्हणून. काटाबाईने पन्नास ग्रॅमचं वजन उचललं. प्रमाण वजनाला उघडं बोट लावत नाहीत. बोटाचा घामही वजन वाढवतो. म्हणून पेटीत मऊ कातड्याचं फडकं असतं. ती त्या फडक्यानेच वजन उचलते, सव्वीस वर्षं तशीच उचलत आली होती.

काट्याने पन्नास ग्रॅम आणि वर वीस मिलिग्रॅम दाखवलं.

तिने पुन्हा ठेवलं. तेच. तिसऱ्यांदा, तेच.

"जास्त दाखवतोय," ती म्हणाली.

"शक्य नाही. अकरा वर्षं तुम्हीच शिक्का मारताय, मॅडम."

"अकरा वर्षं बरोबर होता. आज नाही."

"पुन्हा एकदा बघा ना. थोडं थांबून. दमलेल्या दिसताय."

"मी नाही बोलत—"

"माहीत आहे, माहीत आहे, काटा बोलतो!" सोनाराचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. "चाळीस वर्षांत माझ्या दाराला चिठ्ठी लागली नाही. एकदा लागली की उद्या निघेल, पण लोक काय म्हणतील? सोनार खोटा!"

तिला उशीर झाला होता. थांबणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, मग त्या दिवशी कुठून जमणार? सील लागलं, लाल चिठ्ठी लागली, शेजारचा शिंपी तोंडातली टाचणी काढून बघत उभा राहिला आणि काटाबाई पुढे निघून गेली.

साडेबाराला ती पूल ओलांडून कचेरीच्या बाजूच्या औषधांच्या दुकानात होती. तिथे पुड्या तोलायचा नाजूक काटा. तिने तेच पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं.

वर वीस मिलिग्रॅम.

दोन काटे वेगवेगळं खोटं बोलतात. एकच खोटं, मिलिग्रॅमसकट, बोलत नाहीत. तिने वजन उलटं केलं. बुडाच्या खाचेत काळी कोर होती, नखाएवढी. चेनचं वंगण. मग तिने फडकं उलगडून बघितलं. त्याच्यावर तिच्याच पाच बोटांचे ठसे होते.

औषधवाली म्हणाली, "बाई, पाणी देऊ का?"

"नको. तुमचा काटा मी आज बघितलाच नाही असं समजा." पेटी उचलून ती बाहेर पडली. निळ्या सायकलवर बसली, घाईघाईने दोन खटके फिरवले आणि चेन पुन्हा उतरली.

जवळच एक सायकल दुरुस्तीवाला फुटपाथवर ट्यूबला पॅच लावत होता. तिने सायकल त्याच्या अंगावर ढकललीच जवळजवळ. "किती वेळ लागेल?"

"ताई, हे गिअरचं काम. मागचा पार्ट वाकलाय. संध्याकाळ."

"मला आत्ता जायचंय. एका माणसाचं दुकान माझ्यामुळे बंद आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलीकडे मानेने खूण केली. काळी, जुनी, चेनवर पुरं पत्र्याचं कव्हर. "ही न्या. संध्याकाळी आणा."

"गिअर?"

"एक. कमी वाटला तर उतरा."

असा कोणी तिला सल्ला दिला नव्हता. ती निघाली. बोटं सवयीने हँडलवर चाचपडली. तिथे फिरवायला काही नव्हतं. हातांना काम नाही म्हटल्यावर डोकं चालू झालं. काय सांगायचं? फडकं जुनं होतं म्हणावं? सायकल दिराची होती म्हणावं? प्रत्येक सबब ती मनात तोलत होती आणि प्रत्येक हलकी भरत होती. पूल आला. एक तृतीयांश चढ झाल्यावर गणिताने सांगितलं होतं तसे गुडघे बोलले. ती उतरली आणि सायकल ढकलत चालू लागली. वर पोचायला चार मिनिटं लागली. चार! आठ दिवस ज्या पुलाने झोप उडवली होती तो पायी चार मिनिटांचा होता. पाणसळीने चढ सांगितला होता, पण उतरून चालता येतं हे पाणसळ कशाला सांगेल?

सोनार बंद दाराबाहेर स्टुलावर बसला होता. तिने सील तोडलं, चिठ्ठी ओढून काढली.

"काटा बरोबर आहे. माझ्या वजनाला वंगण लागलं होतं."

सोनार उठला नाही. "हे मला काय सांगता? मला माहीतच होतं. त्याला सांगा." त्याने शिंप्याकडे बोट दाखवलं. "आणि समोरच्या चपलावाल्याला. त्याने सकाळपासून चार गिऱ्हाइकांना सांगितलंय."

काटाबाईचे कान लाल झाले. क्षणभर तिला वाटलं, म्हणावं की हे माझं काम नव्हे. मग ती पायरीवर चढली आणि भर बाजारात खड्या आवाजात म्हणाली, "ऐका हो! सोनाराचा काटा खरा आहे. चूक माझी. माझं वजन घाण होतं."

शिंप्याने मशीन थांबवलं. चपलावाला म्हणाला, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." त्याला ऐकू आलं होतं, लबाडाला. तिने पुन्हा सांगितलं.

कचेरीत साहेबांनी हात झटकले. "वजन पुसून टाका बाई. झालं ते तोंडी झालं. लेखी दिलंत तर कागद वरच्या कचेरीत जाईल, आणि ते तुम्हाला फिरतीवर ठेवतीलच असं नाही. मीही काही करू शकणार नाही."

"त्या वजनाने मी एक दुकान बंद केलंय."

"आणि उघडलंय! संपलं."

तिने कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिला. पेटी सील होऊन पुन्हा तपासायला गेली. काटाबाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली.

सात दिवस उत्तर आलं नाही. त्या सात दिवसांची आठवण कचेरीतले लोक अजून काढतात. ती पेन्सिलींना टोकं करी. टोकं संपली की बोथट करी आणि पुन्हा टोकं करी. शेजारच्या कारकुनाने तिसऱ्या दिवशी आपलं टेबल भिंतीकडे सरकवलं. चौथ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत उठली आणि दुरुस्तीवाल्याकडे गेली.

"मला तुमच्यासारखी हवी. फिरती राहील की नाही माहीत नाही, तरी हवी."

"पेटी किती किलोची?"

"साडेसहा."

"मग मागचं चक्र वीस दात्यांचं घ्या. अठराचं नको. सपाटीवर थोडे पाय जास्त मारावे लागतील."

"पाय मारायला मला आवडतं."

"ते दिसतंय." ती बोलताना एका जागी तीनदा फिरली होती. "चेनला पुरं कव्हर असल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही मडगार्ड. स्टँड दोन पायांचं, नाहीतर पेटीसकट आडवी होईल. आणि ताई, भांडून हलकी शोधू नका. गाडी तुम्हाला नेणार, तुम्ही गाडीला नाही."

ती पहिल्याच दुकानात गेली. दुकानदाराने तिला बघताच काळी सायकल स्वतःहून ताणकाट्यासमोर आणली. "सतरा किलो, मॅडम. आधीच सांगतो." तिने टांगून बघितली. सतरा किलो शंभर.

"शंभर ग्रॅम?"

"घंटी बसवलीय."

ती हसली आणि सायकल घेतली.

उत्तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलं. सेवापुस्तकात ताकीद, पहिली आणि सव्वीस वर्षांतली एकुलती एक. वजनं दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायची. स्वतःचं वाहन असल्यास फिरती चालू ठेवायला हरकत नाही. साहेबांनी कागद वाचून दाखवला तोवर तिने पिशवी खांद्याला लावली होती.

एक तारखेला ती पुलाचा एक तृतीयांश चढ झाल्यावर उतरली, चार मिनिटं चालली, पुन्हा बसली आणि बाजारात पोचली. तपासून परत आलेली पेटी सोनाराच्या फळीवर ठेवून तिने कुलपाला किल्ली लावली.

"थांबा," सोनार म्हणाला. "हात बघू."

"काय?"

"हात. दोन्ही. उलटेसुद्धा."

शिंपी मशीन थांबवून बघत होता, चपलावाला तर उठूनच उभा राहिला होता. काटाबाईने दात ओठ खाल्ले. मग दोन्ही तळवे फळीवर ठेवले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. सोनाराने चष्मा नाकावर आणून बोट न बोट तपासलं. घाई त्याला अजिबात नव्हती.

"ठीक," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सदतीस दुकानं झाली, आणि बातमी तिच्या सायकलीपेक्षा वेगाने पळत असल्यामुळे सदतीस वेळा तिला हात दाखवावे लागले. अडतिसाव्या दुकानात कोणी मागायच्या आत तिने ते पुढे केले आणि म्हणाली, "बघा लवकर. मला अजून दोन दुकानं करायचीत."