मुलींसाठी आठचा ठराव

अमरावतीत आमची कॉलनी नागपूर हायवेपासून जराशी आत आहे. हायवेच्या कोपऱ्यापासून पहिल्या घरापर्यंत दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट आहेत, बाभळी आणि गाजरगवताने भरलेले. नवरा गेल्यावर घराचा वरचा मजला मला खायला उठला, म्हणून तिथल्या खोल्या मी तीन मुलींना भाड्याने दिल्या. तिघी नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत कामाला. थोरली आणि तिची मावसबहीण चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातल्या. तिसरी चांदूर बाजारातलीच, तिच्या वडिलांचं तिथे मशिदीशेजारी शिवणकामाचं दुकान. दुपारची पाळी रात्री उशिरा संपली की कंपनीची बस त्यांना हायवेच्या कोपऱ्यावर सोडायची आणि उरलेला रस्ता त्या चालत यायच्या.

गणपती उठले त्या सुमारास या रस्त्यावरचे दिवे गेले. कॉलनीच्या समितीला ते माहीत होतं. समितीचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, रोज सकाळी त्याच रस्त्याने फिरायला जायचे. पण ते उजेडात जायचे, त्यामुळे दिवे आहेत की नाहीत याने त्यांना काही फरक पडत नव्हता.

मग एका रात्री शिवणकामवाल्यांची मुलगी एकटीच येत होती, बाकी दोघींना सुट्टी होती. मागून एक मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने हेडलाइट बंद केला आणि गाडी तिच्या शेजारून हळूहळू चालवत राहिला. ती पळत सुटली. माझ्या फाटकाशी आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. मी तिला पाणी दिलं.  ती म्हणाली, "काकू, वो कुछ बोला नहीं. बोलला असता तर बरं झालं असतं."

पुढच्या रविवारी समितीची बैठक होती, मंदिराच्या मांडवात. मी कधी जात नसे. मी अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. तिथे आमच्या गल्लीत लोक रस्त्यावर उभे राहून भांडायचे आणि संध्याकाळी एकमेकांकडे विरजण मागायला जायचे, त्यासाठी कुणी समिती केली नव्हती. इथे मात्र अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, आणि सचिव होते, ते कोचिंग क्लास चालवायचे आणि मोठ्या माणसांशीही फळ्यासमोर उभं असल्यासारखे बोलायचे. सुरक्षेसाठी वेगळी उपसमितीसुद्धा होती. तिने आजवर केलेलं एकच काम म्हणजे स्वतःसाठी शिट्ट्या विकत घेणं.

त्या दिवशी पहिला अर्धा वेळ कॉलनीच्या कमानीचा रंग कोणता असावा यात गेला. भगवा की गेरू यावरून दोन निवृत्त माणसं एकमेकांवर रुसली. मग कुत्र्यांचा विषय निघाला. कुत्री घाण करतात यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि त्यावर काय करायचं ते पुढच्या बैठकीवर गेलं. मग कोजागिरी. कराओके ठेवायचं ठरलं, कारण अध्यक्षांना गायचं होतं. लोक उठायला लागले तेव्हा मी हात वर केला आणि घडलं ते सांगितलं. म्हटलं, महानगरपालिकेत समितीतर्फे जाऊन दिवे लावून घ्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "वहिनी, पण ह्या पोरी एवढ्या रातच्या येतात कावून?"

"कामावरून येतात. दुपारची पाळी असते."

"आपल्या कॉलनीतल्या पोरी अशा येतात का? आपल्या पोरींले कधी काही झालं का?"

मांडवात माना हलल्या. सचिव उठले आणि म्हणाले, मूळ कारणाचा विचार केला पाहिजे. मूळ कारण म्हणजे उशिरा घरी येणं. दिवे नसणं हे त्यांच्या हिशेबी कारणात बसत नव्हतं. मग आवाज खाली आणून, जणू माझ्यावर उपकार करताहेत अशा सुरात, ते म्हणाले, "आणि मॅडम, त्यातली एक तर... तुमी तिले ठेवलंच कावून? पाहून ठेवाले पायजे होतं."

"काय पाहून?" मी विचारलं.

ते वही उघडून खाली बसले. एवढं उघड बोलायची छातीही त्या माणसात नव्हती.

ठराव झाला. कॉलनीत भाड्याने राहणाऱ्या मुलींनी रात्री आठच्या आत घरी यावं, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मोटारसायकलवाल्याबद्दल ठराव झाला नाही. सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या स्वतःच्या मुली पुण्याला आयटी कंपन्यांत रात्रपाळी करतात आणि जे हे चारचौघांत कौतुकाने सांगतात, त्यांनीही केले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकाचीही नजर खाली गेली नाही. बैठक संपल्यावर कचोरी वाटली.

त्या रात्री मुलींना हे कसं सांगावं ते मला कळेना. वाटलं, खोल्या सोडून जातील. थोरलीने सगळं ऐकून घेतलं. ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत.

"मंग लाइट कोण लावणार हाय, काकू?"

"कोणी नाही."

"महानगरपालिकेचं ऑफिस कुठी हाय?"

सुट्टीच्या दिवशी तिघी गेल्या. मीही बरोबर गेले. वॉर्डाच्या कार्यालयात आधी आम्हाला एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवलं, मग साहेब जेवायला गेले म्हणाले. ते जेवून परत आले तेव्हा आम्ही त्यांच्या दारातच बाकावर बसलो होतो. शिवणकामवाल्यांची मुलगी उठली आणि हिंदीत सगळं सांगू लागली. कोपऱ्यापासून घरापर्यंत अंधार किती, मोटारसायकल कुठून आली, चप्पल कुठे राहिली. आवाज चढला नाही, रडलीही नाही. साहेब आधी मोबाइल बघत होते. चपलेपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला. "आपके कॉलनी में कोई बडा आदमी नहीं है क्या?" त्यांनी विचारलं.

"बहुत हैं, साहब," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात शिडीची गाडी आली. मी फाटकात उभी होते. गाडीचा आवाज ऐकून सचिव पायजम्यावरच धावत आले, वायरमनशी बोलले, परत घरी गेले आणि पँट घालून अध्यक्षांना घेऊन आले. अध्यक्ष खांबाखाली उभे राहिले, एक हात वर, बोट दिव्याकडे. सचिवांनी फोटो काढला. दिवा तेव्हा लागलाही नव्हता. संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला, खाली लिहिलेलं, माननीय अध्यक्षांच्या अथक पाठपुराव्याला यश. मग हात जोडल्याची चित्रं, फुलांचे गुच्छ, अभिनंदन, अभिनंदन. ज्याला दिवा लागला की नाही हे खिडकीतून पाहायचेही कष्ट नकोत, तोही अभिनंदन करत होता. मी थोरलीला दाखवलं. तिने वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "काकांचं पोट चांगलं आलं फोटोत."

कोजागिरीला मंदिरासमोर सतरंज्या अंथरल्या. अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. सत्कार करायचं त्यांनी स्वतःच बैठकीत सुचवलं होतं असं मला नंतर कळलं. मुलींना त्या दिवशी सुट्टी होती. सचिवांनी मला निरोप पाठवला, पोरींना दूध वाटायला पाठवा, तेवढीच मदत. पोरी आल्या, पण दूध वाटायला नाही. नवे ड्रेस घालून आल्या आणि पुढच्या सतरंजीवर माझ्याजवळ बसल्या.

अध्यक्षांनी शाल घेतली आणि भाषण केलं. महिलांची सुरक्षा हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय आहे असं ते म्हणाले आणि आमच्याकडे हात करून पुढे बोलले, "ह्या आपल्या कॉलनीच्या लेकी."

थोरली जागेवरून उठली. "काका, आठ तर वाजून गेले. आमी इथी बसल्या तर चालते ना?"

ती खरंच विचारत होती असाच तिचा सूर होता. कुणीतरी मागे हसलं. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी कराओकेच्या मशीनकडे पाहिलं. मग गाणं लागलं आणि अध्यक्ष शाल अंगावर ठेवूनच गाऊ लागले. ते बेसूर गायले, पण टाळ्या पडल्या. ह्या लोकांनी कशालाही टाळ्या वाजवल्या असत्या.

ठराव कधी मागे घेतला गेला नाही. कुणी पाळायलाही सांगितला नाही. तो तसाच पडून राहिला आणि समिती पुन्हा कमानीच्या रंगावर आली. मी ग्रुपमधून बाहेर पडले.

उन्हाळ्यात एका सकाळी अध्यक्ष माझ्या दारात आले. मला वाटलं, ग्रुप का सोडला ते विचारतील. ते खुर्चीत बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला. त्यांच्या बहिणीच्या मुलीला नांदगाव पेठेत काम लागलं होतं. कापडाच्याच कंपनीत, दुपारची पाळी.

"आमच्या घरी ठेवली असती," ते म्हणाले, "पण आमच्याइथी सुनेले जमत नाही. तुमच्याइथी पोरी चांगल्या हायेत. सेफ वाटते."

 त्यांना काहीही आठवत नव्हतं. निदान चेहऱ्यावर तरी काही नव्हतं. लाज न वाटता माणूस इतका गुळगुळीत राहू शकतो हे मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"वर तिघी राहतात," मी म्हटलं. "त्यांना विचारावं लागेल."

"त्यायले काय विचारता, वहिनी. घर तुमचं हाय."

"त्यांनाच विचारीन."

संध्याकाळी विचारलं. मावसबहीण नको म्हणाली. थोरली चौथी गादी कुठे बसेल ते बघू लागली. शिवणकामवाल्यांच्या मुलीने विचारलं, "वो लडकी कैसी है?" मला माहीत नव्हतं. "मग येऊ द्या," ती म्हणाली. "मामा तो किसी का भी कैसा भी हो सकता है."

भाची एका पत्र्याच्या पेटीसह आली, मामा सोडायला आले नाहीत. आता चौघी बसमधून उतरतात. पहिल्या आठवड्यात भाचीने मला विचारलं, मंदिरासमोरच्या मांडवात रविवारी एवढे लोक कशासाठी बसतात. मी म्हटलं, जाऊन बघ एकदा. ती गेली, कचोरी खाऊन आली आणि म्हणाली, कमान आता पिवळी करणार आहेत.