बैठकीतली तीनचाकी

पेटी आली ती नेमकी पितृपक्षात. टेम्पोवाल्यानं ती ओसरीवर आदळली, "जोडायचं तुमचं तुम्ही बघा," म्हणाला आणि गेलासुद्धा. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी पितरांना खिजवायलाच ती मागवली होती.

मी नांदेडला नोकरी करते, आई-बाबा अहमदपूरला. बाबा जन्मभर मोंढ्यात मापाडी, धान्याच्या बाजारात पोती तोलणारे. लकव्यात डावा पाय गेला आणि कुठं जायचं म्हटलं की दोघांनी काखेत हात घालून त्यांना रिक्षात चढवायचं. दोन-चारदा सोसलं, मग म्हणाले, "बास. मला पोत्यावानी उचलून कुठंबी न्यायचं न्हाई." मोंढ्याच्या मागं त्यांचे दोस्त राहायचे, त्यांच्याच बरोबरीनं काटा धरलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांना दम्यामुळं खाटेवरून उठवत नव्हतं, आणि बाबा रिक्षात बसेनात. दोघांची भेट राहिली ती फोनवर. म्हणून तर मी ही बॅटरीवरची तीनचाकी मागवली आणि दसऱ्यापर्यंत रजा काढून घरी आले. पेटी आली त्याच संध्याकाळी बाबांनी चाचांना फोन लावला, "गाडी आली रे! माझा मी येतो आता. कुणाचा हात नको."

आईनं लगेच मोडता घातला. "पितरपाटात नवी गाडी बाहेर काढायची? लोक काय म्हणतील?"

"आई, पितरांना बॅटरीतलं काय कळतंय?"

"तुझ्या जिभेला हाड न्हाई बघ."

शेवटी तिनंच तोड काढली. गाडी जोडा, पण आत, बैठकीत. उंबऱ्याबाहेर काढायची ती घटस्थापनेला. मी बाबांकडं बघितलं. वाटलं, आता हे कडाडणार. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. तिच्या मनाला लागतंय. थोड्या दिवसांचा तर सवाल हाय." माझं डोकंच फिरलं. पण गाडी त्यांची, घर आईचं. मी गप पाना उचलला.

पेटीतल्या कागदावरची चित्रं मुंगीएवढी. मागचा दांडा आधी लावायचा का चाकं आधी, कळायला मार्ग नाही. बाबा खुर्चीतून हुकूम सोडत होते, "आधी सगळे नट हातानं बसव, मग आवळ. एक बाजू आधी आवळलीस तर दुसरी बसायची न्हाई." मी एक बाजूच आवळली. दुसरी बसली नाही. सगळं परत खोललं. ब्रेकची तार एवढी ताणली की चाक हलेना, मग बाबांनी स्वतः वाकून, उजव्या हातानं ती बेतानं सैल केली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हाताला तेल लागलं होतं. ते पुसायला फडकं दिलं तर म्हणाले, "असू दे."

सीटखाली बॅटरी बसवली, वायर जोडली, चावी फिरवली आणि दिवा लागला. बाबा आधार धरून सीटवर बसले ते उतरेचनात. चहा गाडीवर, बातम्या गाडीवर. मधूनच हॉर्न वाजवायचे, की आई आतून ओरडायची, "अहो, बंद करा ते, पितर जागे होतील!" बैठकीत जागा ती केवढी. एक वीत पुढं, एक वीत मागं, एवढीच ती गाडी चालली.

चाचांचा रोज फोन. "क्या रे, निघालास का?"

"अजून पितरं हायेत घरात."

"त्यांना म्हणावं, लवकर आटपा. मलाबी घाई हाय."

आम्ही सगळे हसलो होतो. आईसुद्धा.

अमावास्या तोंडावर आली आणि एका सकाळी चाचांच्या सुनेचा फोन आला. रात्री झोपेतच गेले होते.

मी गाडीची चावी घेऊन दारात उभी राहिले. आईनंच दाराचा दुसरा पल्ला उघडला. पण बाबा म्हणाले, "रिक्षा बोलव. पहिल्यांदाच चालवणार, मध्येच अडकलो तर त्याची माती चुकंल." दोघांनी काखेत हात घालून त्यांना चढवलं. कब्रस्तानच्या फाटकापाशी इतकी गर्दी की रिक्षा आत जाईना, तेव्हा चाचांच्या मुलांनीच बाबांना उचलून आत नेलं. इकडं घरी बैठकीत गाडी फुल चार्ज होऊन उभी होती. मोंढा काय दूर आहे? आमच्या गल्लीतून त्याचे पत्रे दिसतात.

आई त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून रडली. "मला काय ठाव होतं गं," एवढंच म्हणत होती. मी तिच्यावर चिडणार होते, पण चिडून तरी काय करू?

घटस्थापना आली नि गेली. बाबा गाडीकडं फिरकले नाहीत. दसऱ्याला आईनंच हट्टानं गाडी अंगणात काढायला लावली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. "बसा आता, माझ्यासाठी तरी," म्हणाली. बाबा बसले. चावी फिरवली, कुणाचाही हात न धरता अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून थेट कोपऱ्यापर्यंत गेले. मी मागून चालत होते. गाडी इतकी छान चालली, काय सांगू!

कोपऱ्यावर, मोंढ्याकडं रस्ता वळतो तिथं, त्यांनी ब्रेक दाबला.

"चला की बाबा," मी म्हटलं, "थांबलात का?"

त्यांनी मागं वळून बघितलं. "चालते तर लई चांगली," म्हणाले. "पण जाऊ कुणाकडं?"