काळा चुरा आणि कांड्यांचं मशीन

बाळांनो, हे आत्ताच लिहायला बसले, कारण काल तुमच्या बाबाने फोनवर पुन्हा विचारलं, "आई, त्या चिंचोळीच्या भंगाराचं काय करायचं?" शेडला गिऱ्हाईक आलं आहे म्हणे. सही माझी लागते. त्याची बाजू तुम्हाला जेवताना ऐकायला मिळेलच. माझी कागदावर असलेली बरी.

चिंचोळी एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये एक मशीन आहे. ते प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात ढकलतं आणि लूमच्या कांड्या तयार होतात. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी, सूत गुंडाळायची नळी. आजोबा गिऱ्हाइकं सांभाळत, माल मी बघत असे. केमिस्ट्री मी इंग्रजीतून शिकले. त्यातली शेडमध्ये कामाला आली ती एवढीच, आणि ती तुम्हालाही समजेल.

प्लास्टिक म्हणजे कडीला कडी जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. त्या साखळ्यांच्या घडणीवरून प्लास्टिकच्या जाती पडतात. काही साखळ्या सरळ, कडब्याच्या ताटांसारख्या. ताटं एकमेकांना चिकटून बसतात, पेंढी घट्ट होते, म्हणून हे प्लास्टिक कडक. आपल्या कांड्या याच्याच. काही साखळ्यांना बाजूने फाटे फुटलेले असतात, बाभळीच्या फांद्यांसारखे. त्यांची मोळी कितीही आवळा, मधे पोकळी राहतेच. दुधाची पिशवी मऊ असते ती त्यामुळे. पण सरळ असोत की फाटे फुटलेल्या, या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. तापवल्या की सरकतात, निवल्या की असतील तिथे थांबतात. गुळासारखं: पातळ करा, थिजू द्या, पुन्हा पातळ करा. फार वेळा केलं तर कस जातो, एवढंच. याला थर्मोप्लास्टिक म्हणतात.

तिसऱ्या जातीत साखळ्या आडव्या दुव्यांनी कायमच्या जखडलेल्या असतात. सगळं मिळून एकच जाळं. कुकरची काळी मूठ या जातीची. हे थर्मोसेट. आपली कडक भाकरी जशी. तिचा चुरा करता येतो, पण चुऱ्याची पुन्हा भाकरी थापता येत नाही.

आजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघं लहान होता. मी सुतकात घरी बसलेली, आणि शेड माझ्या दिरांनी हातात घेतली. दाणा संपत आला होता. त्यांनी कुठूनतरी काळा चुरा आणला, फुटक्या कुकरच्या मुठी दळून केलेला, आणि उरलेल्या दाण्यात मिसळून मशीनमध्ये ओतला. प्लास्टिक ते प्लास्टिक, असा त्यांचा हिशेब. संध्याकाळी घरी आले ते निकाल घेऊनच.

"वहिनी, मशीन गेलं. तोंडच बंद झालंय त्याचं. भंगारवाल्याला उद्या बोलावलंय."

तुमचा बाबा तेव्हा इथेच होता. म्हणाला, "काका म्हणतात ते बरोबर आहे, आई. तुझ्याच्याने आता हे व्हायचं नाही."

सकाळी मी रिक्षा बोलावली. दीर दारातच आडवे आले.

"सुतकात कुठं निघालात? लोक काय म्हणतील?"

"सुतक मला आहे, भाऊजी. मशीनला नाही."

शेडमध्ये मशीन चालवणारी, कुंभारी गावाहून येणारी बाई कपाळाला हात लावून बसली होती. "ताई, ह्यो माल वितळंना की. लई तापीवलं, तरी वाळूवाणीच हाय."

मागोमाग दीर आले, भंगारवाल्याला त्याच्या काट्यासकट घेऊन. मी चहाच्या स्टोव्हवर जुना तवा ठेवला. एका बाजूला मोडक्या कांडीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला चिमूटभर काळा चुरा. तुकडा पसरला, चिमट्याने ओढला तर तार निघाली. चुऱ्याचा नुसता धूर झाला, घाण वास सुटला, आणि कण होते तसेच राहिले.

"कॉलेजातलं कॉलेजात ठेवा, वहिनी," दीर म्हणाले. "लोखंड शेवटी लोखंडाच्या भावात जातं."

"सायेब," बाई म्हणाली, "न्यायचंच हाय तर तुमचा चुरा न्या की."

भंगारवाला हसला. दीर हसले नाहीत.

बिघडलं होतं ते एवढंच: न वितळणारे कण मशीनच्या तोंडाशी अडकले होते. कणांच्या मधे आमचा दाणा होताच, आणि तो सरळ साखळीचा. तापला की सरकणारच, आणि सरकताना कणांनाही बाहेर आणणार. आम्ही दोघींनी मशीन तापवलं, पुढचं तोंड खोलून बाजूला काढलं आणि पितळी सळईने आतला लगदा ओढत राहिलो. हातमोज्यातूनही माझा तळवा भाजला. दीर दोनदा म्हणाले, "पुरे करा आता." मी नुसता दाणा टाकला, तोंड बसवलं, माल साच्यात ढकलणारा दांडा खाली ओढला.

साचा उघडला तर आत अख्खी कांडी, अंगभर काळे ठिपके असलेली.

भंगारवाल्याने काटा उचलला. "मावशी, चालतं मशीन मी काट्यावर घेत नाही."

दीर तेराव्याला माझ्याशी बोलले नाहीत.

तर बाबाला सांगा, आजीने सही केलेली नाही आणि ती करणारही नाही. तो कशाला भंगार म्हणतो ते त्याला माहीत. मशीन आजही चालतं. कुंभारीची बाई अजून कामाला येते. ठिपक्यांची ती कांडी माझ्या टेबलावर आहे.