देऊन टाक दोनशे

उजवा हात खांद्यापर्यंत वर, तळवा समोर, डोळे अर्धे मिटलेले. देवळातल्या मूर्तीसारखा तो माझ्या स्क्रीनला आशीर्वाद द्यायचा आणि म्हणायचा, "देऊन टाक दोनशे."

दोनशे म्हणजे रुपये नव्हेत. फोनमधलं ॲप काहीतरी मागतं, दूर कुठेतरी सर्व्हर उत्तर देतो. हे मागणं-सांगणं ज्या खिडकीवर चालतं तिला एपीआय म्हणतात. पायथन या संगणकभाषेच्या एका फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, आम्ही अशा खिडक्या बांधत होतो. प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा जातो. काम झालं तर दोनशे, जागा आधीच कुणी घेतली असेल तर चारशे नऊ, आमचंच काही बिघडलं तर पाचशे. जगभर हे ठरलेलं आहे. आमच्या ऑफिसात फक्त दोनशे चालायचे.

सगळे त्याला गुरु म्हणत. बनारसमध्ये पानवालाही गुरु आणि गिऱ्हाईकही गुरु, तेव्हा त्यात मान शोधू नका. बालाजी घाटामागच्या गल्लीतलं मराठी घर, वडील घाटावर पौरोहित्य करायचे. हा इंजिनीअर झाला आणि माझ्या नशिबाने आमचा टीम लीड झाला. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे करणार नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. आमचं फ्रेमवर्क लिहिलेल्या कोडवरून, कुठल्या खिडकीत काय मागता येतं, त्या माहितीचं पान आपोआप तयार करतं, कुणाला बोटही हलवावं लागत नाही. गुरु ते पान क्लायंटसमोर उघडायचा आणि डोळे चोळायचा. "रातभर बैठके लिखे हैं, साहब." साहेब हळहळायचे. मी दात ओठ खात शेजारी बसायची.

एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी डेटाबेसच बंद पडला. कुठलीही चूक झाली की ती गुपचूप गिळून टाकायची, अशा ओळी गुरुने जागोजागी पेरून ठेवल्या होत्या. पडद्यावर हिरवी खूण उमटली, क्लायंटने टाळ्या वाजवल्या. कुठे काहीच नोंदवलं गेलं नव्हतं. गुरुने मान लववून टाळ्या स्वीकारल्या.

काम होतं घाटावरच्या विधींच्या बुकिंगचं. गुरुजी, होडी, वेळ, सगळं फोनवरून ठरवायचं. मी तपासण्या घालायची: यजमानाचं नाव रिकामं नको, उलटून गेलेली तारीख नको, एका वेळी एका गुरुजींकडे दोन घरं नकोत. संध्याकाळपर्यंत तो त्या काढून टाकी.

"अगं, माणूस इतक्या लांबून येतो. त्याला दरवाज्यातच मना कशाला करायचं? होऊन जाईल."

"कसं होऊन जाईल, गुरु?"

"आमचे बाबा कुणाला नाही म्हणाले नाहीत कधी. टेन्शन नको घेऊ."

बाबांचं खरं होतं. एका सकाळी पाच यजमान आले तरी ते पाचांनाही हो म्हणत, कारण मागे भाऊ होते, पुतणे होते, कुणालाही धोतर नेसवून पाठवता येई. सर्व्हरला पुतणे नसतात. एवढी साधी गोष्ट या गृहस्थाच्या डोक्यात शिरत नव्हती, आणि पगार मात्र माझ्यापेक्षा जास्त.

पितृपक्षात व्हायचं तेच झालं. बार्शीकडचे एक वृद्ध गृहस्थ पत्नीच्या अस्थी घेऊन एकटे आले होते. त्यांच्या फोनवर हिरव्या अक्षरांत 'आपली वेळ निश्चित आहे' असं होतं. त्यांना मिळालेले गुरुजी त्याच वेळेला दुसऱ्या एका कुटुंबाला घेऊन नावेतून निघून गेले होते. आमच्या एपीआयने दोघांनाही दोनशे दिले होते. काकांची परतीची गाडी दुपारची. त्यांनी ऑफिसात फोन केला, गुरु उठला आणि मीही मागोमाग निघाले. खरं सांगते, फजिती बघायलाच गेले.

गंगेचं पाणी अजून वरच्या पायऱ्यांपर्यंत होतं. काका कापडात बांधलेला कलश छातीशी धरून उभे होते.

"काका, होऊन जाईल," गुरु म्हणाला. हात वर.

मग त्याने फोन लावले. प्रत्येक गुरुजी संध्याकाळपर्यंत अडकलेले. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जागा नाही असं आधी कळलं असतं, तर मी उद्याचं तिकीट काढलं असतं. नाही म्हणायला तुमचं काय जात होतं?"

गुरुने शर्ट काढला, पँटवरच मांडी घालून बसला आणि सुरू झाला. "केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः..." आणखी दोन-चार नावं झाली आणि गाडी परत केशवावर आली. मग पुन्हा तेच. मला किळस आली. हा माणूस मेलेल्या बाईलाही दोनशे देत होता.

"हे आचमन झालं," काका म्हणाले. "पुढचं?"

गुरुचा हात उचलला गेला आणि छातीपाशीच अडकला.

"पुढचं येत नाही, काका. नाही येत मला."

त्याच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मग तसं म्हणावं ना," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता उठा, मला धरा. मला पाण्याची भीती वाटते. दरवेळी ती धरायची."

पायऱ्यांवर गाळ होता. गुरु काकांना कमरेला धरून एकेक पायरी उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मंत्र कुणीच म्हटला नाही. काकांनी बायकोला नावाने हाक मारली आणि कलश रिकामा केला. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि ते गुरुला दिसायला नको होतं.

त्यानंतर तो सुधारला असं समजू नका. आठवडाभरात पुन्हा हात वर, पुन्हा दोनशे. एवढंच की बुकिंगच्या खिडकीत मी चारशे नऊ परत घातला, तेव्हा त्याने तो काढला नाही, चहा प्यायला गेला.

अशी माणसं वर चढतातच. त्याला गुडगावला मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली, घर आवरून आईलाही तो बरोबर नेणार होता. निरोपाच्या दिवशी जो तो विचारत होता, येत राहाल ना? तो सगळ्यांना आशीर्वाद देत होता. "येईन, येईन. होऊन जाईल."

मी त्याची बॅग घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. का गेले, विचारू नका.

"गुरु, देवदिवाळीला याल ना?"

त्याने हात उचलला. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात खाली घेतला.

"नाही गं. आता नाही होणार येणं."

इतकी वर्षं मी या माणसाकडून एका खऱ्या उत्तरासाठी भांडले होते. ते मिळालं, आणि मला त्याचे खोटे दोनशे हवे होते.