चुकांची चौकट

आमच्या प्रभागाच्या नगरसेविका दर महिन्याला एक पत्रक काढायच्या. एकच कागद, पाठपोट मजकूर, सहाशे प्रती, आणि छपाई माझ्याच दुकानात. निवडून येण्याआधी सव्वीस वर्षं त्या बसमध्ये कंडक्टर होत्या, त्यामुळे लोक त्यांना शेवटपर्यंत कंडक्टरबाईच म्हणत राहिले आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. पत्रकाचे मथळे ठरलेले असायचे. घरं, बेघर, बंद रस्ते. कुठल्या इमारतीच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली, निवाऱ्यात किती जागा आहेत, कुठला रस्ता कधीपासून कधीपर्यंत बंद. हे सगळं कुणी वाचायचं नाही. लोक वाचायचे ती सगळ्यात वरची चौकट. तिचं शीर्षक होतं, ‘मागच्या महिन्यात माझं काय चुकलं’.

धंद्यामुळे मी पुष्कळ पुढारी जवळून पाहिलेत. स्वतःचा फोटो अर्धं पान आणि गटाराचा विषय दोन ओळीत, ही त्यांची रीत. बाईंनी पहिल्यांदा मजकूर आणला तेव्हा मी म्हणालो, “बाई, ही चौकट काढा. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?”

“बस थांब्यावर थांबली नाही तर प्रवाशाला ते कळतंच,” त्या म्हणाल्या. “त्यानं आरडाओरडा करायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं. छापा तुम्ही.”

मग दर महिन्याला चौकट येत राहिली. ‘दिव्याच्या खांबाबद्दल तीनदा सांगूनही मी विसरले. चौथ्यांदा जिना चढून आलेल्या आजोबांची माफी.’ ‘पंधरा तारखेला रस्ता उघडेल असं लिहिलं होतं. उघडला नाही. मी ठेकेदाराला न विचारताच तारीख टाकली होती.’ लोक चवीनं वाचायचे. खोटं कशाला बोलू, छापता छापता मीही तेवढंच वाचायचो.

बाई नाकासमोर चालणाऱ्या. हा गुण लांबून फार चांगला दिसतो. जवळून कसा लागतो ते घरच्यांना विचारावं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई त्यांच्या बसमध्ये चढल्या आणि “ही कंडक्टर म्हणजे आमची सून” असं अख्ख्या बसला ऐकवून, तिकीट न काढता खिडकीशी बसल्या. सुनेनं त्यांना तिकीट काढायला लावलं. सासूबाई दीड महिना बोलल्या नाहीत. पुढे मात्र हीच गोष्ट त्या मरेपर्यंत येईल त्याला सांगत होत्या, दर वेळी बसमधली गर्दी थोडी वाढवून. यजमान एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, बोलणं बेताचं. दोन खोल्यांच्या घरात जेवायच्या टेबलावर अर्जांचे ढीग असत आणि हा गृहस्थ ताट मांडीवर घेऊन जेवत असे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “टेबल सार्वजनिक आहे.”

बाईंच्या हातून खरं मोठं म्हणावं असं काम एकच झालं. परिचारिकांचं एक जुनं वसतिगृह रिकामं पडलं होतं. त्यातल्या बारा खोल्या त्यांनी बेघरांसाठी दुरुस्त करून घेतल्या. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे चार वर्षं थांबावं लागलं. बारा खोल्यांना एकशे चाळीस अर्ज आले. नियम असा होता की आपण कुठे झोपतो ते अर्जदारानं लिहून द्यायचं. मग निवारा विभागाचा निरीक्षक तीन महिन्यांत तीनदा, न सांगता, सकाळी सहाला तिथे येणार. तिन्ही वेळा माणूस त्याच जागी सापडला तर तो खरा बेघर. घर नसलेल्यानं निदान एका जागी स्थिर राहावं, असा त्याचा एकूण अर्थ. ज्यानं हा नियम केला तो एकदाही घराबाहेर झोपला नसावा.

यादीतलं बारावं नाव टाकेवाली मावशीचं होतं. माझ्या दुकानाला लागून एक बंद पडलेलं सिनेमागृह आहे. त्याच्या तिकीटखिडकीसमोर वर छत असलेला एक ओटा आहे. मावशी तिथे शिवणयंत्र घेऊन बसायची. फाटलेली दप्तरं, पॅन्टच्या चेनी, पडद्यांच्या दुमडी, जे येईल ते शिवायची. त्याच्या सहा वर्षं आधी घरमालकानं तिची खोली विकली तेव्हा ‘चार दिवस ठेवते’ म्हणून तिनं यंत्र ओट्यावर आणलं आणि ते तिथेच राहिलं. झोपायचीही तिथेच, यंत्राच्या आडोशाला. वय साठीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दोन पाहण्या झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा ती जागेवर सापडली होती. तिसऱ्यांदा सापडली की खोली तिची.

आणि नेमका त्याच वेळी रस्ता खणायला निघाला.

आमच्या रस्त्याखालची सांडपाण्याची वाहिनी बदलायचं अकरा वर्षं ठरत होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी ठेकेदार आला तेव्हा अभियंता म्हणाला, अर्धा अर्धा रस्ता खणू, एक पदपथ चालू ठेवू, चाळीस दिवस लागतील. बाई म्हणाल्या, “अर्धा रस्ता बंद म्हणजे पूर्ण वेळ भांडणं. भिंतीपासून भिंतीपर्यंत बंद करा आणि वीस दिवसांत उरका.” ज्यांना मागचं दार आहे त्यांनी मागच्या गल्लीतून ये-जा करावी, अशी नोटीस निघाली. तीही मीच छापली. काम अठरा दिवसांत झालं. पत्रकात बाईंनी लिहिलं, ‘रस्ता दोन दिवस आधीच खुला.’ त्या महिन्याच्या चौकटीत एवढंच होतं, की त्या एका बैठकीला उशिरा पोचल्या.

ओट्याला मागचं दार नव्हतं. खणायच्या रस्त्याभोवती पत्रे लागले त्या दिवशी मावशीनं यंत्र कोपऱ्यावरच्या लाँड्रीत हलवलं आणि दिवसा तिथे बसून शिवू लागली. निरीक्षक बाराव्या दिवशी सकाळी सहाला आला, पत्र्याच्या फटीतून त्यानं ओटा पाहिला, आणि ‘आढळली नाही’ असा शेरा मारून गेला.

नाव कमी केल्याचं पत्र बाईंकडे आलं. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, नाहीतर खोली तेराव्या नावाला. बाई ते पत्र घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. तारखा त्यांनी बोटांवर दोनदा मोजल्या. मग म्हणाल्या, “रस्ता मीच बंद केला.” मला वाईट वाटलं.

हरकतीला साक्षीदार हवा होता. त्या अठरा दिवसांत मावशी प्रभागातच, बिनघराची झोपत होती, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला कुणीतरी. लाँड्रीवाला यायला तयार होता. पण निवारा विभागाचं म्हणणं, ती तुमच्याकडे असेल तर तिच्या डोक्यावर छप्पर होतं, मग बेघर कशी? तो म्हणाला, “साहेब, संध्याकाळी आठला मी कुलूप लावतो.” मग रात्री कुठे होती? ते त्याला ठाऊक नव्हतं. बाईंनी मावशीला विचारलं, समजावलं, एकदा ओरडूनही पाहिलं. मावशी ताकास तूर लागू देईना. “होते कुठेतरी,” एवढंच.

सातव्या दिवशी दुपारी बाई तिला घेऊन निवारा विभागात गेल्या. रस्ता बंद केल्याच्या नोटिशीची प्रत माझ्याकडे होती म्हणून मीही गेलो. अधिकारी तिशीतला होता, माणूस सभ्य. भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलावर काच, काचेखाली टेलिफोन क्रमांकांची पिवळी पडलेली यादी.

“मॅडम, मला कळतंय सगळं,” तो म्हणाला. “पण साक्षीदाराची जागा कोरी ठेवता येत नाही. पाच वाजता फाइल वर जाईल.”

सव्वाचार झाले होते. बाई मावशीकडे वळल्या. “मावशी, आता तरी सांगा.”

“सांगितलं तर एका गरिबाची नोकरी जाईल.”

“कुणाची?”

“तुमच्या इमारतीच्या वॉचमनची.”

बाईंना कळलं नाही. अधिकाऱ्यालाही नाही. मावशी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत म्हणाली, “जिन्याखाली झोपायचे मी. मीटरच्या खोक्यांपाशी. तो बिचारा फाटक लोटून ठेवायचा.”

“माझ्या जिन्याखाली?”

“हो.”

“मी रोज साडेपाचला खाली उतरते.”

“ठाऊक आहे की. तुमच्या चपलांचा आवाज ओळखायला लागले होते. आवाज आला की डोक्यावरून चादर ओढून घ्यायचे.”

“तिथे रंगाऱ्याचं बोचकं होतं,” बाई म्हणाल्या.

“ते मीच, बाई.”

इमारतीला त्या महिन्यात रंग देणं चालू होतं. जिन्याखालचं बोचकं बाईंनी रोज पाहिलं होतं. अकराव्या दिवशी त्या वैतागल्या आणि भिंतीवर चिठ्ठी डकवली, ‘जिन्याखाली सामान ठेवू नये’. खाली सही. ती वाचून मावशी दुसऱ्या दिवसापासून पाचच्या आधीच उठून जाऊ लागली. हे तिनंच सांगितलं, तक्रारीच्या सुरात मुळीच नाही. चिठ्ठी वेळेवर लागली म्हणून बरं झालं, असा तिचा सूर होता.

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. “मग झालं की, मॅडम. तुम्हीच साक्षीदार. अर्जदाराला प्रत्यक्ष पाहिले काय, कुठे, किती दिवस. एवढंच लिहा आणि सही करा.”

बाईंनी पेन घेतलं. लिहिलं, ‘होय. माझ्या इमारतीच्या जिन्याखाली. अकरा दिवस. मी तिला सामान समजले.’

अधिकाऱ्यानं कागद फिरवून वाचला. “शेवटच्या वाक्याची तशी गरज नाही. खोडलं तरी चालेल.”

“मला नाही चालणार.”

मावशीला ते वाचून दाखवल्यावर तीच कानकोंडी झाली. “मी लपले होते, बाई. त्यात तुमची कसली चूक?”

“तुम्ही लपलात ती तुमची हुशारी,” बाई म्हणाल्या. “अकरा दिवस मी खाली वाकून बघितलं नाही, ती माझी.” वॉचमनचा उल्लेख त्यांनी कुठेच केला नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी मावशीला खोली मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही, यावरून ती आजही कुरकुर करते. पुढच्या महिन्याच्या चौकटीत बाईंनी सगळं लिहिलं. रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत का बंद केला, ओट्यावरच्या बाईचा विचार मनात कसा आला नाही, जिना, बोचकं, चिठ्ठी. एरवी सहा ओळींची असणारी चौकट पाऊण पान झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक महिनाभर म्हणत होते. विरुद्ध बाजूच्या उमेदवारानं त्या पत्रकाच्या दोन हजार प्रती काढून घरोघर वाटल्या. त्याही मीच काढून दिल्या. धंदा म्हटल्यावर गिऱ्हाईक निवडता येत नाही. बाई पुढची निवडणूक एक्क्याऐंशी मतांनी हरल्या. निकाल लागला त्या दिवशी यजमान बऱ्याच वर्षांनी टेबलावर जेवले असतील.

त्या पत्रकाचा मजकूर द्यायला बाई आल्या, तेव्हाचं सांगायचं राहिलं. इतका वेळ मी दुसऱ्यांचंच सांगत आलोय.

माझ्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीला एक दार आहे. ते थेट त्या ओट्यावर उघडतं. दुकानाला मागच्या गल्लीतूनही दार आहे. पत्रे लागायच्या आदल्या दिवशी मावशीनं मला विचारलं होतं, “भाऊ, हे बाजूचं दार उघडतं का? तुमच्या दुकानातून ये-जा केली असती. वीस दिवसांचा तर प्रश्न.” मी म्हणालो, कुलूप गंजलंय. ती गेली त्याच संध्याकाळी मी ते दार उघडलं आणि रिकाम्या ओट्यावर कागदाचे गठ्ठे रचून ठेवले. निरीक्षकाला फटीतून दिसले ते माझे गठ्ठे.

मावशीनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंचा मजकूर वाचून झाल्यावर मी त्यांना सांगितलं, अगदी सगळं. म्हणालो, “चौकटीत माझंही नाव घाला.”

बाईंनी मजकुराचा कागद माझ्या हातून घेतला, एक ओळ पुन्हा वाचली आणि परत दिला.

“हे पत्रक माझं आहे,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक तुमच्या कागदावर छापा. यंत्र तर तुमचंच आहे.”

त्यांच्या सहाशे प्रती मी दुसऱ्याच दिवशी छापून दिल्या. मावशी अजून माझ्या पॅन्टची चेन बसवून देते आणि मला भाऊच म्हणते. हा एक कागद लिहायला मला नऊ वर्षं लागली.